ऑपरेशन, गोळ्या आणि तुझी ब्लड टेस्ट

माऊ,

फोनवर बोलायला लागलो की आई मधेच फोन घेते आणि विषय दिवाळीच्या तिकिटांवर जातो, म्हणून टाइप करतोय, चुका असतील त्या तूच सुधारून वाच.

आधी तुझा राग. इंजेक्शन मिळत असताना ऑपरेशन कशाला, पैसे मी दिले असते ना बाबा, वगैरे. बापाने पोरीशी हे बोलायचं म्हणजे अवघडच आहे पण आता तू काय लहान नाहीस. हा प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद केलं की आकसतो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरने हे १९४१ सालीच दाखवलं आणि १९६६ ला त्याला नोबेल मिळालं (हे मीच शोधून वाचलं, रिटायर माणसाला दुसरा उद्योग काय). तर ते बंद करायला एकतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्या, तारीख सांभाळा, नाहीतर अंडकोष काढून टाका, परिणाम तोच. परत जोडता येत नाही हे मान्य, पण रोग हाडात गेलाय, म्हणजे इंजेक्शनही जन्मभरच होतं. पैशाचा विचार केला नाही असं नाही, केलाच. पण मिरजेच्या वाऱ्या आणि कुणी सोबत येतंय का याची वाट बघत बसणं मला जास्त जड वाटलं. आईला विचारूनच ठरवलं, ती म्हणाली माणूस घरात असला म्हणजे झालं.

आता गंमत ऐक. दिवसातून कितीतरी वेळा अंगातून एकदम वाफा निघतात, बनियन भिजतं, मी फॅन पाचवर करतो आणि आई शाल घेऊन बसते. पहिल्यांदा झालं तेव्हा ती इतकी हसली, म्हणे माझी पाळी गेली तेव्हा तुम्ही काय म्हणायचात आठवतंय का, जरा सहन कर. आता कळतंय. शिवाय पोट सुटलंय, दंड बारीक झालेत आणि साध्या सिरियलला डोळ्यात पाणी येतं.

अबिराटेरॉन नावाची, हार्मोन बंद करणारी गोळी चालू आहे, कारण थोडं हार्मोन किडनीवरच्या ग्रंथींतूनही येतं. चार गोळ्या एकदम, उपाशीपोटी, नंतर तासभर चहासुद्धा नाही, आणि जोडीला प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. बीपी, पोटॅशियम, लिव्हर तपासत राहावं लागतं. हाडांचं इंजेक्शन देण्याआधी डेंटिस्टकडे पाठवलं, एक किडका दात आधीच काढून टाकला, कारण त्या इंजेक्शननंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही म्हणे.

पीएसए, म्हणजे या रोगाचा रक्तातला आकडा, खूप खाली आलाय. पण रिपोर्टच्या दिवशी सकाळपासून तुझे चार मेसेज येतात ना, ते नको. एखाद्या वेळी थोडा वर गेला म्हणून लगेच काही होत नाही, दोन-तीन रिपोर्ट सलग बघून डॉक्टर ठरवतात. आणि "बरे होणार ना बाबा" याचं उत्तर "नाही" असं आहे, हे एकदा स्पष्ट लिहून टाकतो. दाबून ठेवायचा, जमेल तितकी वर्षं. एक औषध चालेनासं झालं तर पुढे केमो आहे, आणखीही औषधं आहेत. फक्त एक लक्षात ठेव, माझ्या पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी कळेनाशी झाली असं आई म्हणाली तर उद्यावर ढकलू नका, मणक्यात नस दबत असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल.

मावशीने पाठवलेला काढा मी कुंडीत ओततो, तिला सांगू नकोस. लिव्हरवर आधीच गोळ्यांचा भार आहे.

आता तुझं काम. माझं रक्त जीन टेस्टला गेलंय, बीआरसीए२ नावाचा जीन बघायला. त्यात दोष निघाला तर मला ओलापॅरिब नावाच्या गोळीचा पर्याय मिळतो, पण तुझ्याकडे आणि दादाकडे तो गेला असायची शक्यता निम्मी निम्मी. तुझ्या बाबतीत ब्रेस्ट आणि ओव्हरीचा धोका वाढतो, दादाला चाळिशीपासून पीएसए करत राहावं लागेल. हा फक्त बायकांचा किंवा फक्त आईकडून येणारा जीन नाही, बापाकडूनही येतो. निगेटिव्ह आला तर प्रश्न मिटला नाही, तरी दादाला पंचेचाळिशीनंतर युरॉलॉजिस्टकडे पाठवायची जबाबदारी तुझी, माझं तो ऐकत नाही. पॉझिटिव्ह आला तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेट, गूगल करत रात्र काढू नकोस, आणि जावईबापूंनाही सोबत ने.

रविवारी फोन कर, पण नऊनंतर. त्याआधी मी गोळ्या घेऊन उपाशी बसलेला असतो, आणि चहाशिवाय मी कसा असतो ते तुला माहिती आहे.

बाबा