लावणीला येण्याआधी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आई, हिमोग्लोबिन ९ आलंय, गोळ्या लिहून दिल्यात, बायकांचं रक्त कमीच असतं गं." फोन ठेवला आणि रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. हेच वाक्य ऐकत मी तीन वर्षं काढली. फोनवर तू "हो हो" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहायला बसले.

माझं काय झालं होतं ते तुला वरवरच ठाऊक आहे. विहिरीवरून कळशी आणताना पाखाडीच्या पाच पायऱ्या चढले की छातीत धडधडायचं, मध्येच बसावं लागायचं. नखं चपटी होऊन मधे खोलगट झाली होती. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. तांदूळ निवडताना मी कच्चे तांदूळ मूठमूठ चघळायचे. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की ती माती तोंडात टाकावीशी वाटायची. लाज वाटायची गं. अंगात लोह नसलं की असं होतं, हे फार उशिरा कळलं.

लोहाच्या गोळ्या मी घेतल्या, नाही असं नाही. हिमोग्लोबिन थोडं चढायचं, गोळ्या थांबल्या की पुन्हा खाली. एका दवाखान्यात दुर्बीण घालूनही बघितलं, काही सापडलं नाही. ६.९ वर आलं तेव्हा दादा मला मुंबईला घेऊन गेला. तिथल्या फिजिशियननी रिपोर्टमधल्या एका आकड्यावर बोट ठेवलं, इओसिनोफिल १४ टक्के (या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पोटात जंत असले की वाढतात), आणि संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी घाबरले. म्हटलं, मला कसला संसर्ग?

त्या डॉक्टरांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. मग विचारत गेले. शेतात चप्पल घालता का? पावसात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते का? शेतावर असताना शौचाला कुठे जाता? पाणी कुठलं? गुडघ्यात किंवा दम्यासाठी कधी स्टेरॉइड घेतलं का? अर्धा तास नुसते प्रश्न. तीन वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं.

खाज तर दर आषाढात. आपण त्याला चिखल्या म्हणायचो आणि कोकमाचं मुठेल चोळून झोपायचो. डॉक्टर म्हणाले, सगळी खाज चिखल्यांची नसते. अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म नावाचा जंत, त्याची अळी ओल्या मातीत असते, डोळ्यांना दिसत नाही, ती उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरते. शिरते तिथे खाज येते. पुढे रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की लहान आतड्यात. तिथे जेमतेम सेंटीमीटरभर वाढून भिंतीला चावून बसते. एकेक जंत जातीप्रमाणे रोज अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत रक्त घालवतो. शंभर असले तर हिशेब कर. मी वरून गोळी टाकत होते आणि खालून गळत होतं.

शौचाचे नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी द्यायला लावले. पहिल्यात काही नव्हतं, दुसऱ्यात अंडी दिसली. म्हणून एकदा "नॉर्मल" आलं की गप्प बसू नकोस. आणि नमुना ताजा पोचव, सकाळचा संध्याकाळी नको. स्टेरॉइडचं का विचारलं तेही सांगते. पायातूनच शिरणारा दुसरा एक जंत असतो, स्ट्राँगिलॉइड्स. तो आतल्या आत वाढत वर्षानुवर्षं मुकाट राहतो आणि स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरतो, जिवावर बेततं. त्याची तपासणी वेगळी आणि औषधही वेगळं. तुला दम्यासाठी मध्यंतरी गोळ्या दिल्या होत्या ना? ते तिथे सांगच.

मला जंताचं औषध, अल्बेंडाझोल ४००, तीन दिवस दिलं. लोह मात्र पुढे कितीतरी महिने. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला वेळ लागतो, मध्येच सोडायचं नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायचे, चहा दोन तास लांब. चार महिन्यांनी १२.१ आलं. पाखाडी आता एका दमात चढते.

तू म्हणशील, मी पुण्यात, माझा काय संबंध? अगं, दर वर्षी लावणीला तू माझ्याबरोबर त्याच खाचरात अनवाणी उतरतेस. तो जंत पोटात कित्येक वर्षं राहू शकतो. घराघरात शौचालय झालं, पण मळ्यावरून त्यासाठी घरी कोण येतंय? बांधापलीकडेच बसतात सगळे. शाळेत नि अंगणवाडीत १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला पोरांना जंताची गोळी देतात, १९ वर्षांपर्यंत. तुझ्या-माझ्या वयाच्या बाईच्या हातावर ती कुणी ठेवत नाही.

तुझं कारण कदाचित निराळंही असेल. पाळीला जास्त जातं ते डॉक्टरांना मोकळेपणी सांग, त्यानेही रक्त उतरतं. पण कारण शोधल्याशिवाय गोळ्यांवर समाधान मानू नकोस. फेरिटिन (त्यावरून लोहाचा साठा कळतो), इओसिनोफिल आणि शौचाची तपासणी, एवढं मागून घे. जंताचं औषध मनाने दुकानातून आणू नकोस. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांग, पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत.

बाबांनी तुझ्या मापाचे गमबूट आणलेत, पडवीत खुंटीला टांगलेत. चिखलात रुततात, लावणीचा वेग कमी होतो, बायका हसतात. हसू देत. मी गेल्या पावसात घालूनच उतरले.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, सगळ्या पानांचे.

तुझी,
आई