अण्णा, त्या दिवशी तुम्ही पेरणीच्या तासात बोट घातलंत

अण्णा,

तुम्ही मोबाईल वापरत नाही, हे मला माहीत आहे. माझी मुलगी तुमच्या ओसरीवर बसून हे वाचून दाखवेल. समोर उभं राहून बोलायला गेले की माझा गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझं सोयाबीन उगवलंच नाही. दहा पावलं चालावं तेव्हा कुठे एक मोड दिसायचा. यांच्या माघारी शेती अंगावर घेतल्यापासूनची ती माझी दुसरीच पेरणी. दुकानात गेले तर पिशवीकडे न बघताच म्हणाले, "खोल पडलं असेल. बाईमाणसाच्या हातची पेरणी." अर्ज दिला, पाहणीला माणूस आला, बांधावर उभं राहून कागद भरला आणि गेला. शेतात पाऊल टाकलं नाही. भाऊबंद यायचे, हळहळायचे आणि जाताना हमखास विचारायचे, "नक्की कशी पेरली होतीस?" आठ दिवसांत मलाच वाटायला लागलं की चुकलं ते माझंच. रात्री उठून मी आठवत बसायचे, पेरणीची तिफण कुठे दाबली गेली, कुठे हात हलला.

तुम्ही आलात ते न बोलता. धोतर सावरून तासात, बी पडलं होतं त्या ओळीत, उकिडवे बसलात, बोटानं माती उकरलीत आणि एक बी काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. फुगलेलं, पिवळट. दाबलं तर आतून पांढरा चिखल आला, आंबूस वास सुटला. मग तुम्ही बोटाचं पेर तासात धरून खोली दाखवलीत. दीड इंचसुद्धा नव्हती. "बी मेलेलं होतं, पोरी. तुझा हात चुकला नाही."

अण्णा, दुबार पेरणीला तुम्ही बी दिलंत, बैल दिलेत, त्याचे उपकार आहेतच. पण मला उभं केलं ते त्या एका वाक्यानं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी झोपले.

यंदा पेरणीच्या पंधरा दिवस आधी, बी उगवतं का ते बघायला, तुम्ही भिजवलेलं गोणपाट खांद्यावर टाकून आलात. पोत्याच्या वरचं, मधलं, तळाचं असं मूठ-मूठ बी काढायला लावलंत. बारीक, फुटकं बी मी बाजूला सारत होते, तर हात धरलात, "निवडू नको. पेरताना निवडणार आहेस का?" दहा-दहाच्या दहा ओळी मुलीकडून मांडून घेतल्यात, गुंडाळी केलीत, सावलीत ठेवलीत आणि रोज पाणी शिंपडायचं काम तिच्याकडे दिलंत. सातव्या दिवशी उजाडायच्या आत दारात हजर. मोजलं तिनंच. धड मोड आलेले तेवढेच धरायचे, वाकडे आणि कुजके सोडायचे. शंभरातले ८४ निघाले. प्रमाणित सोयाबीनला ७० टक्के उगवण धरतात, त्याहून खाली गेलं तर त्या हिशेबानं बी वाढवायचं आणि फारच खाली गेलं तर पेरायचंच नाही, हे तुम्ही तिला सांगितलंत. मला नाही, तिला. ती चौथीत आहे. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की सोयाबीनची साल पातळ असते, पोतं आपटलं की आतला कोंब दुखावतो. पोती उतरवणाऱ्या माणसाला तिनं दारातच थांबवलं, "काका, हळू ठेवा."

पहिल्या सरीला सगळ्यांनी तिफणी काढल्या तेव्हा माझा जीव वरखाली होत होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "७५ ते १०० मिलिमीटर पडू दे, वापसा येऊ दे. भुईच्या पोटात ओल पाहिजे, वरच्या ओलीला भुलू नको." वापसा म्हणजे चिखल निवून माती पेरणीजोगी होणं. मी थांबले. नंतर जी उघडीप पडली, त्यात कुणाकुणाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांचं वाईट वाटतं. तुमच्यासारखं कुणी त्यांच्या बांधावर वेळेत गेलं असतं तर!

पिशवी, तिचा टॅग, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. गेल्या वर्षी ती पिशवी मी चुलीत घातली होती. दाद मागायला हातात काही उरलंच नव्हतं. यंदा सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवलंय.

ज्यांचं कामच होतं, ते बांधावरून परत गेले. तुमचं काहीच लागत नव्हतं, आणि तुम्ही मातीत बसलात. माणसाची मोठी मदत करणारे भेटतात अण्णा, पण आधी खाली बसून नीट बघणारे फार थोडे. दोष देण्याआधी माती उकरून बघणारा माणूस गावात असला की गावात राहावंसं वाटतं.

तुमचं गोणपाट परत करायचं राहिलंय. माझ्याकडून ते शेजारच्या वहिनींनी नेलं, त्यांच्याकडून वरच्या आळीत गेलं. काल कळलं की आता पाचव्या घरात आहे आणि तिथे मोजायला माझ्या मुलीला बोलावलंय.

तुमची,
बांधाशेजारची पोर