आकडे दोनदा सांगते, बाबा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बोलताना बाबांनी विचारले, "इतके कष्ट घेतेस, पण तुमचा हा कार्यक्रम ऐकते कोण?" त्यालाच जोडून आईने विचारले की आठवडाभर नोकरी केल्यावर शनिवारची सकाळही रेडिओ केंद्रावर घालवायची, त्याचा मोबदलाही मिळत नाही, मग विश्रांती घ्यायची तरी केव्हा. मी दोन्ही प्रश्नांवर 'बघू या' एवढेच म्हणाले. तुम्ही ते माझ्या काळजीपोटी विचारले होते आणि त्यांना घाईघाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून आज निवांत बसून लिहीत आहे.

आधी बाबांच्या प्रश्नाकडे येते. आमच्यासारख्या लहान केंद्राचे श्रोते नेमके किती, हे मोजण्याचे साधन आमच्याजवळ नाही. कार्यक्रम चालू असताना वाजणारा एक फोन आणि टेबलावरची एक जाड वही, एवढाच आमचा हिशेब आहे. काही महिन्यांपूर्वी त्या फोनवर एक परिचारिका बोलली. रात्रपाळी संपवून ती पहाटे घरी परतते तेव्हा बस थांब्यापासून तिच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सलग तीन दिवे बंद असत. तिने दोनदा तक्रार नोंदवली होती, दोन्ही वेळा तिला तक्रार क्रमांक मिळाला होता आणि पुढे काहीही घडले नव्हते. आम्ही ते क्रमांक घेऊन संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यांना कार्यक्रमात बोलावले आणि ते आले. हे मुद्दाम लिहिते, कारण अधिकारी येतच नाहीत असा सर्वांचा समज असतो. पण प्रश्न आधी कळवले आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही हे पथ्य पाळले, तर बरेच जण येतात. त्यांच्याकडून कळले की दिव्यांत बिघाड नव्हताच. जमिनीखालची केबल तुटली होती, ती जोडण्यासाठी रस्ता खोदावा लागणार होता आणि खोदण्याची परवानगी दुसऱ्या विभागाकडे अडकली होती. ही साधी गोष्ट त्या परिचारिकेला तोवर कोणी सांगितली नव्हती. त्यांनी काम पूर्ण होण्याची तारीख दिली. ती उलटून गेल्यावरच्या शनिवारी आम्ही तीच तारीख पुन्हा वाचून दाखवली, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा वाचली, आणि तिसऱ्या शनिवारी वाचण्याआधीच तिचा फोन आला. "आज पहाटे दिवे लागलेले होते," एवढेच ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, विषय, कोणी काय शब्द दिला, आणि पुन्हा केव्हा विचारायचे. बाबा, हा चौथा रकाना तुमच्याकडून घेतलेला आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात तारीख लिहायचात आणि तिच्याखाली 'पुढे काय' असे दोन शब्द. लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नसे. आता असे वाटते की पहिल्या दिवशी बातमी सगळेच देतात, सहाव्या आठवड्यात मात्र विचारायला कोणी उरलेले नसते, आणि शहराच्या रेडिओ कार्यक्रमाचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. वर्तमानपत्राला रोज नवे पान भरायचे असते, त्यामुळे जुना प्रश्न मागे पडणे स्वाभाविक आहे. आम्हाला दर शनिवारी त्याच वेळी, त्याच आवाजात, त्याच लोकांसमोर यायचे असते आणि म्हणून आम्हाला मागचे विसरून चालत नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. एका रस्त्याच्या रुंदीकरणावर नागरिकांच्या हरकती ऐकून घेण्यासाठी सुनावणी होती आणि मी तिची वेळ अकराऐवजी बारा अशी वाचली. कागदावर अकराच लिहिलेले होते. वाचताना माझी नजर खालच्या ओळीवर घसरली. परिणामी काही वयस्कर माणसे सुनावणी संपता संपता तिथे पोहोचली आणि त्यांना बोलायला मिळाले नाही. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी केंद्रावर फोन करून, आवाज जराही न चढवता, "आम्ही तुमच्यावर विसंबून गेलो होतो," असे सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या शनिवारी कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या मिनिटाला मी चूक सांगितली, माफी मागितली, लेखी हरकती देण्याची मुदत अजून चार दिवस शिल्लक आहे हे सांगितले, आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा व कुठे द्यायचा हे सावकाश वाचून दाखवले. त्यानंतर प्रत्येक वेळ, तारीख आणि रक्कम वाचण्यापूर्वी आमच्यातले दोघे जण मूळ कागदाशी ताडून पाहतात.

त्याच सुमारास बाबांना श्रवणयंत्र लागले. आमच्या एका भागाचे ध्वनिमुद्रण ऐकून तुम्ही म्हणालात, "शब्द कळतात, आकडे निसटतात." ते वाक्य मी दुसऱ्याच दिवशी सहकाऱ्यांना सांगितले आणि आम्ही त्याचा शोध घेतला. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते तेव्हा उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात, आणि स, त, थ, फ यांसारखी व्यंजने ओळखण्यासाठी नेमके तेच ध्वनी लागतात. वाक्यातला एखादा शब्द निसटला तरी मागच्यापुढच्या शब्दांवरून तो मनाने भरता येतो. आकड्याला असा आधार नसतो. 'सात' आणि 'साठ' यांच्यात एकाच व्यंजनाचा फरक आहे, पण सात दिवसांची मुदत आणि साठ दिवसांची मुदत यांत अर्ज करणाऱ्याचे सगळे नशीब बदलते. म्हणून आता मी प्रत्येक आकडा दोनदा सांगते आणि दुसऱ्या वेळी थोडा वेगळ्या रीतीने: साठ दिवस, म्हणजे सुमारे दोन महिने. काही श्रोत्यांनी, आता लिहून घेता येते, असे आवर्जून कळवले. बाबा, तुमच्या त्या एका वाक्याने आमची बोलण्याची पद्धत बदलली.

तुम्ही असेही विचारले होते की आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना रेडिओ कशाला हवा. आमचा प्रक्षेपक ५० वॉटचा आहे, म्हणजे पूर्वी घरोघरी असलेल्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बापेक्षाही कमी शक्तीचा, आणि त्याचा आवाज काही किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे शक्तीइतकेच महत्त्व अँटेनाच्या उंचीला असते. पण त्या टापूत दहा माणसांनी ऐकले काय आणि दहा हजारांनी ऐकले काय, प्रक्षेपकावर कणभरही जास्त भार येत नाही. संकटाच्या वेळी सगळे एकदम फोन करू लागले की मोबाइलचे जाळे कोलमडते, आणि तेव्हाही दोन सेलवर चालणारा संच बोलत राहतो. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि त्या परिसरात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोबेच्या नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती, आणि त्यांच्यापैकी ज्यांना जपानी भाषा नीट येत नव्हती त्यांच्यापर्यंत मदतीच्या सूचना पोहोचत नव्हत्या. तेव्हा स्वयंसेवकांनी त्या लोकांच्या भाषांत बोलणारी छोटी केंद्रे उभी केली, आणि पुढे ती एकत्र येऊन 'एफएम वायवाय' हे केंद्र झाले. पाणी कुठे मिळते, हे माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या वस्तीच्या नावानिशी सांगावे लागते. देशभर ऐकू जाणाऱ्या केंद्राला ते शक्य होत नाही, आणि त्यात त्या केंद्राचा दोषही नसतो.

आई, आता तुझा प्रश्न. मोबदला मिळत नाही हे खरे आहे. आमचे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते आणि ती वर्गणी वीज, यंत्रांची दुरुस्ती आणि संगीताचे हक्कशुल्क यांतच संपते. हा मार्ग आम्ही शोधलेला नाही. अमेरिकेत बर्कली येथे लुईस हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल १९४९मध्ये 'केपीएफए' हे केंद्र सुरू केले ते जाहिरातदारांऐवजी श्रोत्यांच्या पैशांवर चालवण्यासाठीच, आणि बोलिव्हियातील कथिलाच्या खाणींतील कामगारांनी त्याच काळापासून आपल्या मजुरीतला वाटा देऊन स्वतःची रेडिओ केंद्रे चालवली. पण माझ्या मनाला सर्वांत जवळचा वाटतो तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी १९९५मधला निकाल. तो खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून उभा राहिला होता, आणि न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. शनिवारी माइकचे बटण वर सरकवताना मला ते आठवते. तो एक तास माझ्या मालकीचा नसतो, तो सर्वांच्या मालकीच्या वस्तूतून मला वापरायला मिळालेला असतो, आणि त्यात पोकळ बडबड करणे मला चोरीसारखे वाटते.

संगीताबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण ते तुला अधिक आवडेल. कार्यक्रमातली शेवटची वीस मिनिटे शहरातल्याच गायक-वादकांची असतात. प्रसिद्ध ध्वनिमुद्रण वाजवायचे तर गीत व चाल यांचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्हींची परवानगी लागते. म्हणून बहुतेक वेळा आम्ही कलावंतांनाच बोलावतो, त्यांची लेखी संमती घेतो आणि आमच्या छोट्या खोलीत ध्वनिमुद्रण करतो. मागच्या महिन्यात बासरी वाजवणारे एक निवृत्त शिक्षक आले होते. चाळीस वर्षे ते घरातच वाजवत आले, आणि माइकसमोर बसल्यावर त्यांचे हात इतके थरथरत होते की बोटे छिद्रांवर नीट बसेनात. आम्ही त्यांना सांगितले की आधी खोलीची शांतता टिपून घ्यायची असते, तेव्हा अर्धा मिनिट सर्वांनी नुसते बसायचे. हे खरेच करावे लागते, कारण प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा एक बारीक आवाज असतो आणि पुढे संकलनात दोन तुकडे जोडताना तोच मध्ये घालावा लागतो, नाहीतर जोड कानाला खटकतो. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे मिटले, त्यांचा श्वास हळूहळू लांबला, आणि ध्वनिमुद्रण थांबवण्याची खूण मी करण्यापूर्वीच त्यांनी बासरी ओठांना लावली. तो पहिला स्वर त्या शांततेतूनच उगवलेला आहे आणि तो आम्ही तसाच ठेवला. प्रसारण झाल्यावर त्यांच्या इमारतीतल्या तिघांनी फोन करून विचारले की हे आमच्या वरच्या मजल्यावरचे गुरुजीच का.

दिव्यांची तक्रार आणि ही बासरी एकाच तासात का, असे आमच्यातल्याच काहींनी विचारले होते आणि संगीत वेगळ्या वेळी ठेवावे असेही सुचवले होते. मी त्याला ठाम विरोध केला. ज्याच्या रस्त्यावर खड्डा आहे त्याच माणसाच्या शेजारी बासरी वाजते. शहर त्याच्यासाठी वेगवेगळ्या तासांत विभागलेले नसते. शिवाय तक्रारीच तक्रारी ऐकत राहिले की माणूस थकतो, संच बंद करतो आणि त्याच्या उपयोगाची पुढची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आई, तू एकदा म्हणाली होतीस की मी गाण्याच्या शेवटच्या सुरावरच बोलायला सुरुवात करते आणि ते तुला सहन होत नाही. तुझे अगदी बरोबर होते. मला रिकाम्या क्षणाची भीती वाटायची. रेडिओवर काही सेकंद आवाज नसला तर श्रोत्याला केंद्र बंद पडले असे वाटते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेले असते. आता मी सूर पूर्ण विरेपर्यंत थांबते, मनात तीनपर्यंत मोजते आणि मगच कलावंताचे नाव घेते. माइक वीतभर अंतरावर आणि तोंडापासून किंचित तिरपा ठेवते, म्हणजे प, फ, भ यांचा फटका त्यावर बसत नाही.

विश्रांतीचे म्हणशील तर दहा वाजता कार्यक्रम संपतो, अकराला मी घरी असते आणि दुपारी दोन तास झोपते. त्या दिवशीची झोप मला आठवड्यातली सर्वांत गाढ लागते, हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही.

येत्या शनिवारी शहराच्या अंदाजपत्रकावर बोलायचे आहे. पाणी, रस्ते, सार्वजनिक आरोग्य आणि शाळा यांवर गेल्या वर्षी किती ठेवले होते, त्यातले प्रत्यक्षात किती खर्च झाले आणि यंदा किती ठेवले आहे, असे एकूण बारा आकडे आहेत. मी ते प्रत्येकी दोनदा वाचणार आहे. बाबा, नऊ वाजता श्रवणयंत्र लावून, कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि जे ऐकू येतील ते आकडे लिहून ठेवा. न कळलेल्या जागी रेघ मारा, अंदाजाने भरू नका. आई, शेवटी एका मुलीचे सतारवादन आहे, ते संपल्यावर मी पुरेशी थांबले का, एवढे ऐक. रविवारी सकाळी मी फोन करीन, तेव्हा वही माझ्यासमोर उघडलेली असेल.

तुमची,
धाकटी