रूममेट सोबत नाहीये, आधी हे सांगते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

शाळेत असं सुरू करायला शिकवलं होतं, पुढचं विसरले, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. आई, तू आधी बस. बसलीस का? तर, रूममेट सोबत येणार म्हणून तुम्हाला सांगितलं होतं ना, ती आलीच नाही. तिच्या ऑफिसमध्ये काहीतरी निघालं आणि जायच्या दोन दिवस आधी तिने कॅन्सल केलं. माझी तिकिटं काढलेली, हॉस्टेलांचे पैसे भरलेले, सुट्टी मंजूर झालेली, आणि खरं सांगू का, मला जायचंच होतं. म्हणून गेले. एकटी. आज अकरावा दिवस आहे, मी धडधाकट आहे, आत्ता इटलीत तिरानो नावाच्या गावात स्टेशनसमोर बसून फोनवर हे टाईप करतेय. दादा, प्रिंट काढून दे यांना, फोनवर एवढं वाचणार नाहीत. आणि व्हिडिओ कॉलवर "ती अंघोळीला गेलीये" म्हणायचे ना मी रोज, त्याबद्दल सॉरी. अकरा दिवस माणूस कितीदा अंघोळ करेल, तुला कसा संशय आला नाही गं?

आता तुझ्या कपाळावर आठ्या आल्या असतील आणि बाबा "वाच पुढे" म्हणत असतील. वाचा.

पहिले दोन दिवस व्हिएन्नात वाईट गेले. म्हणजे शहर सुंदरच आहे, राजवाडे, ट्राम, सगळं चकाचक, मेट्रोला गेटच नाही, तिकीट काढायचं आणि सरळ आत जायचं, कोणी अडवत नाही (तपासनीस मधूनच येतो म्हणे, मला दिसला नाही). पण जेवायला एकटीने हॉटेलात शिरायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. आपल्याकडे बाई एकटी जेवायला बसली तर वेटरसुद्धा दोन पाण्याचे ग्लास ठेवतो, मागून कोणी येणार असेल म्हणून. पहिल्या रात्री मी हॉस्टेलच्या किचनमध्ये तुझ्या भाजणीचं थालीपीठ लावलं, तव्याला चिकटलं, धूर झाला, अलार्म वाजेल म्हणून खिडकी उघडून हातरुमालाने वारा घालत बसले. दुसऱ्या दिवशी हिय्या करून एका जुन्या कॉफीहाऊसमध्ये गेले. तिथली पद्धत अशी की एक कॉफी घ्यायची आणि कितीही वेळ बसायचं. कॉफी छोट्या ट्रेमध्ये येते, सोबत पाण्याचा ग्लास असतो, आणि तुला उठवायला कोणी येत नाही. लाकडी दांडीला लावलेले पेपर असतात, वाचता येत नव्हते तरी एक घेऊन बसले. आजूबाजूला बघितलं तर निम्मी टेबलं एकेकट्या माणसांची. आज्या, आजोबा, एक बाई मोजे विणत होती. दीड तास बसले. तिथून जरा बरं वाटायला लागलं.

आणि ते ग्लासातलं पाणी, बाबा, डोंगरातलं असतं. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी पाईपलाईनने व्हिएन्नात आणलंय, नळाला तेच येतं. ज्या डोंगरांतून ते येतं त्यांच्या शेजारीच आहे झेमरिंगचा घाट. तो बघायलाच तर मी व्हिएन्नाला गेले होते, राजवाडे वगैरे बोनस.

तर झेमरिंग. १८५४ ला सुरू झालेली रेल्वे, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, आणि आपल्या बोरघाटाच्या नऊ वर्षं आधी. ४१ किलोमीटर, १४ बोगदे, १६ मोठे पूल. तेव्हा डायनामाइटचा शोधच लागला नव्हता, सगळा डोंगर सुरुंगाच्या दारूने आणि हाताने फोडलाय. चढ जास्तीत जास्त हजारला अठ्ठावीस, म्हणजे बाबा, तुमच्या बोरघाटातल्या वन इन थर्टीसेव्हनच्या (सदतीस मीटरला एक मीटर चढ) अगदी जवळ. मी डब्यात बसून हिशोब केला आणि एकटीच हसले. तुम्ही पस्तीस वर्षं मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून ज्या चढावर मालगाड्या ढकलल्यात, तोच चढ. पण मजा पुढे आहे. गेगा नावाच्या इंजिनियरने लाईन आखली आणि बांधकाम सुरू केलं तेव्हा तो चढ चढू शकेल असं इंजिनच जगात नव्हतं! १८५१ मध्ये स्पर्धा लावली, चार इंजिनं आली, त्यात एक जिंकलं, पण रोजच्या कामाला तेही टिकणारं नव्हतं, मग नवीन डिझाईन काढलं. रूळ आधी, इंजिन मागून. तुमच्या साहेबांपैकी कोणी असा प्लॅन पास केला असता का?

मी स्टेशनवर उतरून जंगलातल्या वाटेने चालत गेले. एक जागा आहे, तिचं नावच वीस शिलिंगची जागा असं आहे, कारण तिथून दिसणारा दुमजली पूल ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर होता, पुढच्या बाजूला गेगाचा फोटो आणि मागे घाट. इंजिनियरचा फोटो नोटेवर! तिथल्या बाकावर तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या, तेवढ्यात खालून मालगाडी आली, आणि आवाज अगदी तोच गं आई, रात्री आपल्या क्वार्टरच्या खिडकीतून यायचा तो, जड गाडी चढावर असल्याचा. डोळे भरून आले, उगाच. शेजारी कोणी नव्हतं ते बरंच.

बाबा, तुम्ही लहानपणी सांगायचात ती गोष्ट तिथे आठवली. बोरघाटाचा कंत्राटदार ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला, १८५९ ची गोष्ट, मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट हातात घेतलं, माणसं नेमली आणि काम पुरं करवून घेतलं. मला झोपवताना तुम्ही हे सांगायचात. आता मुलगी एकटी गेली म्हणून रागवायचा हक्क तुम्हाला तरी नाही. आईला आहे.

इन्सब्रुकला एक दिवस होते, दिवसभर पाऊस, भजी नाही, सोडा ते.

मग स्वित्झर्लंड. इथे पैसे कसे उडतात ते विचारू नका, पाणी मात्र फुकट, गावागावात दगडी हौदाला तोटी असते, बाटली भरून घ्यायची. कूर गावापासून जी छोटी लाल गाडी निघते ती मीटर गेजची आहे. टुरिस्ट लोक मोठ्या काचांच्या स्पेशल गाडीने जातात, तिला वेगळं रिझर्वेशन आणि वेगळे पैसे. मी साधी लोकल पकडली, रूळ तेच, डोंगर तेच, आणि जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली करता येतात. लांडवासरचा पूल ६५ मीटर उंच, वळणावर आहे, आणि संपतो तो सरळ कड्यातल्या बोगद्यात. सगळे मोबाईल घेऊन एका बाजूला धावतात, डबा कलेल की काय वाटतं. याच लाईनवर २०२२ मध्ये यांनी शंभर डब्यांची गाडी चालवली होती, १९०६ मीटर लांब, अशा अरुंद रुळांवरची जगातली सगळ्यात लांब पॅसेंजर म्हणून, आणि तिला सात ड्रायव्हर. सात जणांचं एकमेकांशी पटलं कसं हाच मला प्रश्न पडला.

आता खास तुमच्यासाठीचं. बर्ग्युन नावाचं गाव आहे, तिथे स्टेशनाशेजारी रेल्वेचं म्युझियम आहे आणि बाहेर उभा आहे खेकडा, आपल्या घाटातलं ते जुनं विजेचं इंजिन! म्हणजे हे लोक त्याला मगर म्हणतात. आपल्या खेकड्याचा धाकटा चुलतभाऊ म्हणा, मीटर गेजचा, पण तेच लांब नाक पुढेमागे, मधे केबिन, चाकांना जोडणारे तेच दांडे. आणि बनवलाय विंटरथूरच्या कारखान्यात, जिथून १९२८ ला आपले पहिले खेकडे आले होते! तुम्ही नवीन असिस्टंट ड्रायव्हर होतात तेव्हा शेवटचे खेकडे होते ना कर्जतला, हिवाळ्यात केबिनमध्ये हात शेकायचात म्हणून सांगायचात. मी त्याला हात लावून आले, तुमच्या वतीने. आत सिम्युलेटर आहे, गाडी चालवून बघता येते. मी चालवली. ब्रेक उशिरा मारला. तुमच्या हाताखाली असते तर त्याच दिवशी सस्पेंड.

बर्ग्युनच्या वर प्रेडा म्हणून स्टेशन आहे. दोन्हींत सरळ अंतर साडेपाच किलोमीटर, पण चारशे मीटर चढायचं म्हणून रूळ साडेबारा किलोमीटर घातलेत, डोंगराच्या पोटात गोल गोल फिरवून. मी प्रेडाहून चालत खाली आले. गाडी डोक्यावरून गेली, दहा मिनिटांनी तीच गाडी पायाखालून गेली, मग समोरच्या डोंगरावर दिसली. एक लहान मुलगा बापाला विचारत होता, भाषा कळली नाही पण प्रश्न कळला, ही तीच का दुसरी?

बरं, आता आई, हा पुढचा भाग तुला सांगायचा नव्हता, पण खोटं बोलून झालंय तर आता सगळंच सांगते. काल बेर्निना घाटाच्या माथ्यावर उतरले, २२५३ मीटर, कळसूबाईपेक्षा सहाशे मीटर वर. तिथून पुढच्या आल्प ग्र्युम स्टेशनपर्यंत तळ्याकाठाने पायवाट आहे, दोनेक तासांची. इथल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ लिहिलेली असते, आणि ती वेळ त्यांच्या पायांची असते, आपल्या नाही. निघाले तेव्हा ऊन होतं. अर्ध्या तासात धुकं आलं, आणि आपल्या लोणावळ्याच्या धुक्यासारखं मजेचं नाही, चार पावलांपुढचं दिसेना. कुठेतरी फाटा चुकले. वाट वर वर जायला लागली तेव्हा कळलं, कारण मला खाली जायचं होतं. फोनला रेंज होती पण नकाशातला निळा ठिपका नुसता नाचत होता. घाबरले गं. एका दगडावर बसले आणि मोठ्याने "आई गं" म्हटलं, ऐकायला एक गाय होती, तीही दिसत नव्हती, नुसती घंटा.

तेव्हा बाबांचं आठवलं. राजमाचीला गेलेली पोरं चुकून घाटात उतरायची, रात्री केबिनशी येऊन धडकायची, तर बाबा म्हणायचे, डोंगरात हरवलं की गप्प बसा आणि गाडीचा आवाज येईपर्यंत थांबा. इथे गाडी तासाला एक. थांबले. स्वेटरवर जॅकेट, त्यावर तू दिलेली शाल, मिरवायला नको म्हणून तळाशी ठेवलेली. पंचवीस-तीस मिनिटांनी वळणावर चाकं करकरली, उजवीकडे, खाली. तशीच मागे फिरून फाट्यापर्यंत आले आणि आवाजाच्या बाजूची वाट धरली. (रुळावरून चालले नाही हो बाबा, वाटेवरूनच.) आल्प ग्र्युमला पोचले तेव्हा सहा वाजलेले. तिथे मोटारीचा रस्ताच जात नाही, एकतर गाडीने या नाहीतर पायी. स्टेशनातच हॉटेल आहे. सूप मागवलं, बाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि न सांगता ब्रेड दुप्पट आणला. शेवटच्या गाडीची वेळ तिनेच कागदावर लिहून दिली.

त्या माथ्यावरचं एक राहिलं. तिथे दोन तळी आहेत जवळजवळ, एक पांढरं, एक काळं, नावंही तशीच. पांढऱ्यात हिमनदीचा गाळ येतो म्हणून ते दुधासारखं. त्याचं पाणी इटलीकडे, एड्रियाटिक समुद्राला जातं. काळ्याचं उलट बाजूला, इन नदीत, तिथून इन्सब्रुक, पुढे डॅन्यूब, व्हिएन्ना, आणि काळ्या समुद्रात. म्हणजे मी ज्या वाटेने आले त्याच वाटेने ते परत चाललंय. तुम्ही खंडाळ्याला दाखवायचात तसंच, एका बाजूचं पाणी इंद्रायणीतून बंगालच्या उपसागराला, दुसरीकडचं उल्हास नदीतून आपल्या कर्जतवरून. मी तेव्हा "हो का" म्हणून पॉपिन्स खायचे.

आज सकाळी खाली उतरले. तिरानो समुद्रसपाटीपासून ४२९ मीटरवर, म्हणजे माथ्यापासून अठराशे मीटर उतार, चढासाठी रुळांमधे घालतात ती दातेरी पट्टी वगैरे काही नाही, साधे रूळ आणि चढ हजारला सत्तर. वन इन फोर्टीन! आपली माथेरानची राणी वन इन ट्वेंटी. ही पावसाळ्यातही बंद नाही, बर्फातही नाही, पुढे बर्फ उडवणारं इंजिन जातं. १९१० पासून चाललीये. ब्रुझिओला एक पूल आहे जो गोल फिरून स्वतःच्याच कमानीखालून जातो, खिडकीतून आपल्याच गाडीची शेपटी दिसते. आणि तिरानोत शिरताना गाडी सरळ रस्त्यातून जाते, देवळासमोरून, मोटारी बाजूला थांबतात. इतका हळू वेग की बाबा म्हणाले असते कॉशन ऑर्डर (गाडी हळू न्यायचा हुकूम) आहे वाटतं.

जेवले पित्सोक्केरी, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, त्यात कोबी, बटाटा आणि चीज. आई, कोबी असूनही मी सगळं संपवलं. एकटीने, खिडकीजवळच्या टेबलावर, आणि वेटरने ग्लास एकच आणला.

उद्या मिलान, परवा रात्री श्टुटगार्टला घरी. रविवारी फोन करते, तुमच्या साडेतीननंतर. तोवर राग काढून घे, आजीला लगेच सांगू नकोस. भाजणी संपलीये, कोणी येणार असेल तर दोन किलो पाठव, आणि शेंगदाण्याची चटणी.

बाबा, सिम्युलेटरमध्ये बसलेला माझा फोटो दादाच्या फोनवर टाकलाय. डाव्या हाताशी ते जे गोल चाक दिसतंय, ते आपल्या खेकड्यात पण तिथेच होतं का? नीट झूम करून बघा आणि सांगा.

तुमची,
चिऊ