फळ्यावर माझं नाव लिहिणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमच्या भाषेत मी मुलांना दटावू शकते, हुज्जत घालू शकते, आजारी माणसाची विचारपूस करू शकते. आभार मानायला लागले की मात्र दुसऱ्या वाक्यालाच शब्द संपतात. म्हणून माझ्या भाषेत लिहितेय. लेक तुम्हाला फोनवर तुमच्या भाषेत करून सांगेल. तिला हल्ली स्वप्नंसुद्धा तुमच्याच भाषेत पडतात.

आणि चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली आणखी दोन कुटुंबं परदेशात मुलांमध्ये सेवेला जायचं म्हणून बॅगा भरताहेत. त्यांना आधी कोणीतरी खरं सांगायला हवं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी आम्हाला तुमच्या बालगृहात सेवेला पाठवलं, त्यांनी तीन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. पडद्यावर हसऱ्या मुलांचे फोटो, साक्षी, गाणी. शेवटच्या दिवशी माझ्या नवऱ्याने विचारलं की तिथं पाण्याचं काय, आजारपणाचं काय, तर उत्तर आलं, ‘विश्वास ठेवा.’ विश्वास होताच हो. तो नसता तर नोकऱ्या सोडून निघालो असतो का? आम्हाला पाणी किती वेळ उकळायचं ते हवं होतं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, उंच डोंगराळ भागात तीन, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी रोज वीस-वीस मिनिटं पाणी उकळत होते, आणि तुम्ही दारात उभ्या राहून जळणाकडे बघत होतात. एका शब्दाने बोलला नाहीत. आता ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

घ्यायला येणारा माणूस आलाच नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. रात्री आमच्यासाठी दार तुम्हीच उघडलंत. पुढे नवरा तापाने फणफणला तेव्हा पाठवलेल्या ईमेलला अकराव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, ‘प्रार्थनेत आठवण आहे.’ त्याच्याखाली दुसरी ओळ होती, मुलांचे नवे फोटो कधी पाठवताय. जाऊ दे. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी एवढी जागा बस.

पहिल्या तीन महिन्यांतली मी तुम्हाला आठवत असेन. सारखे हात धुणारी. साबणाने माझ्या बोटांची सालं निघाली होती. ताट दोनदा विसळायचं, अंथरूण झटकायचं, पुन्हा झटकायचं, कोणी दहा मिनिटं उशिरा आलं की संतापायचं आणि मग खिडकीबाहेर बघत बसायचं. मला वाटे, आपली श्रद्धाच कमी पडतेय. पुढे कधीतरी कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा १९६० सालचा लेख वाचनात आला. परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याची लक्षणं त्याने ओळीने मांडली आहेत. सारखे हात धुणं, पाणी, अन्न, भांडी, अंथरुणाची अवाजवी काळजी, उशीर झाला की होणारा संताप, शून्यात लागलेली नजर. मावशी, मी वाचता वाचता हसले आणि मग रडले. तीन महिने ज्याला मी माझं पाप समजून त्याची कबुली देत होते, ते नुसतं लक्षण होतं! शिबिरातल्या त्या तीन दिवसांत एवढी एक यादी वाचून दाखवली असती तरी चाललं असतं.

पण खरी चूक हात धुण्याची नव्हती.

आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी तो चार वर्षांचा मुलगा धावत आला आणि माझ्या पायांना मिठी मारून बसला, सोडेचना. मी त्याला उचलून घेतलं. घरी असताना मी एमी कार्मायकल या मिशनरी बाईचं चरित्र कितीदा वाचलं होतं. ती १८९५ मध्ये भारतात आली, तमिळनाडूतल्या दोहनावूरला मुलांसाठी घर उभं केलं, १९५१ मध्ये देह ठेवेपर्यंत एकदाही मायदेशी परतली नाही, आणि मुलं तिला अम्मा म्हणत. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी मलाही माझं मूल मिळालं. त्या रात्री घरच्यांना लांबलचक पत्र लिहिलं, देवाने आमची वाट कशी तयार ठेवली होती वगैरे.

तुम्ही आठवडाभर ते बघितलंत. मग एके दिवशी त्याला माझ्या कडेवरून हळूच काढून घेतलंत आणि माझ्या हातात बादली दिलीत. मला राग आला. आता सांगते, चांगलाच आला. ही बाई मत्सर करते, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बाकी हातवाऱ्यांनी सांगितलंत, ‘तो सगळ्यांकडे जातो. जे येतात ते सगळे जातात.’

मूल अनोळखी माणसाला असं बिलगतं, ते माया मिळालेलं मूल नव्हे. कोण आपलं हे ठरवायची संधीच न मिळालेलं ते मूल. संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांत हे नेहमी दिसतं, आणि पंधरा-पंधरा दिवसांसाठी येऊन त्यांना कडेवर घेऊन फोटो काढणारे पाहुणे ती जखम दर वेळी नव्याने उघडतात. त्या वर्षी असे तीन गट येऊन गेले. प्रत्येक गट जाताना रडला. मुलं रडली नाहीत. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

आणि त्या मुलाला आई होती! दोन गावं पलीकडे, जिवंत, कामाला जाणारी, एवढंच की तिला त्याला पोसणं परवडत नव्हतं. मी ज्याला अनाथ समजून छातीशी धरत होते त्याच्या आईकडे तुम्ही दर महिन्याला बसने जात होतात. मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रनच्या २००९ च्या अहवालात म्हटलंय की जगभर अशा संस्थांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांचाही सूर हाच, केवळ गरिबी आहे म्हणून मुलाला घरापासून तोडू नका. तुम्ही यातलं काही वाचलेलं नाही. तुम्हाला एवढंच कळत होतं की मूल आपल्या आईजवळ हवं. दीड वर्षाने तो घरी गेला तेव्हा मी दाराआड उभी राहून रडले आणि तुम्ही त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होतात.

बादलीवर परत येते, कारण मला ज्याबद्दल लिहायचंय ते तिथून सुरू होतं.

मुदपाकखान्याच्या दाराजवळ तो काळा फळा. एका कोपऱ्याला तडा गेलेला, वरच्या खिळ्याला खडू बांधलेला. झाडणं, पाणी भरणं, भांडी, धाकट्यांच्या आंघोळी, दिवसागणिक नावं. तीन महिने मी त्या फळ्यासमोरून जात होते. त्यावर तुमचं नाव होतं, मोठ्या मुलींची नावं होती, दर गुरुवारी चर्चच्या पाळकसाहेबांचंसुद्धा होतं. आमचं नव्हतं. आम्ही पाहुणे होतो. जेवायला आधी आम्हाला वाढत, खुर्ची आम्हाला देत, आणि उठून काही करायला गेलं की कोणीतरी हातातून काढून घेई. मान होता तो, पण त्या मानाला एक कुंपण होतं, आणि त्याच्या आत आम्ही तिघं.

एका सोमवारी सकाळी मी आले तर तुम्ही फळा पुसून नवीन आठवडा लिहीत होतात. ‘संध्याकाळची भांडी’ यासमोर तुम्ही थांबलात, माझ्याकडे वळून बघितलंत, आणि माझं नाव लिहिलंत. चुकीचं लिहिलंत. माझ्या नावातलं एक अक्षर तुमच्या भाषेत नाहीच, त्यामुळे तिथं काय घालावं हे तुम्हाला कळेना; थुंकी लावून बोटाने पुसलंत, जवळचं दुसरं अक्षर घातलंत, आणि खडू सोडून दिलात. तो दोरीला लोंबकळत राहिला. तुम्ही भाजी चिरायला निघून गेलात. एवढंच.

मावशी, माझ्या दीक्षेच्या दिवशी मला जेवढं भरून आलं नव्हतं तेवढं त्या फळ्यासमोर आलं.

त्या रात्री पातेली घासताना नऊ वर्षांची पोर येऊन म्हणाली की राख अशी नाही, अशी लावतात. दुसऱ्या दिवशी तिने माझे उच्चार सुधारले. तिसऱ्या दिवशी चार जणी आल्या. पाहुण्याला कोणी सुधारत नाही. पाळीवर असलेल्या बाईला सुधारतात. मी आजवर जी काही तुमची भाषा शिकले ती त्या नळाशी, कोपरापर्यंत काजळी लावून. लेकीचं नाव पुढच्या आठवड्यात आलं, आणि ‘तू माझी आई आहेस की त्यांची?’ हा तिचा रोजचा प्रश्न हळूहळू बंद झाला. त्याचं उत्तर मी काही दिलं नव्हतं. तीही झाडू घेऊन त्यांच्यात मिसळून गेली, इतकंच.

माझ्या भाषेच्या मुलखातही कधीकाळी अशीच माणसं बोटीतून उतरली होती. सिंथिया फॅरार १८२७ साली अमेरिकेहून मुंबईला आली, मुलींच्या शाळांसाठी. पुढे अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. आम्ही ख्रिस्ती लोक तिचं नाव आदराने घेतो, घ्यायलाच हवं. पण हल्ली तिच्याबद्दल वाचताना मला एकच प्रश्न पडतो: हिला ‘ळ’ कोणी शिकवला असेल? कोणीतरी असणारच. पाण्याच्या हंड्याशी उभी राहून ‘बाईसाहेब, फल नाही, फळ’ असं म्हणणारी कोणी बाई. भली माणसं बहुधा अशीच असतात, अर्ध्या वाक्यात आपलं काम करून भाजी चिरायला जाणारी. त्यांच्यावाचून आमच्यासारखे सेवक पहिल्या सहा महिन्यांत घरी परततात, आणि परतून म्हणतात की तिथली माणसं कठीण होती.

आम्ही निघालो त्या दिवशी संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम होता. गाणी झाली, प्रार्थना झाली, पाळकसाहेब फार चांगलं बोलले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मागच्या बाकावर धाकटीला मांडीवर झोपवून बसला होतात. कार्यक्रम संपल्यावर सवयीने फळ्याकडे बघितलं. संध्याकाळची भांडी, आणि पुढे माझं नाव, तेच चुकीचं अक्षर घालून. बायका म्हणाल्या, अहो, आज राहू दे. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ‘राहू दे’ म्हणाला नाहीत.

चांगली साडी खोचून बसले घासायला. पण मोठ्या पातेल्याचा तळ त्या दिवशी काही केल्या निघेना, आणि गाडी आली. तसंच पालथं घालून निघाले. ते दुसऱ्या दिवशी कोणाच्या पाळीला आलं, तेवढं कळवा.

तुमची,
फळ्यावरची