एकांड्या शिलेदाराचे तीन सोबती

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी तिन्ही पानं मिळाली. क्लोन सैनिकाची चित्रकथा काढतो आहेस हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या रेघेबद्दल बोलायलाच नको. पण नायकाच्या टिपणात तू लिहिलं आहेस, ‘एकटा, अबोल, कुणाशी देणंघेणं नाही’, तिथे मी अडखळलो. असा नायक तिसऱ्या पानावर दमतो. त्याला बोलायला कुणी नसतं आणि गमवायला काही नसतं. ही गाठ १९८१ मध्येच एकाने सोडवून ठेवली आहे, तेव्हा पेन्सिल खाली ठेव आणि आधी रोग ट्रूपर ही चित्रकथा वाच.

नावाने दचकू नकोस. हा आपला आजारपणातला रोग नव्हे. इंग्रजीत कळप सोडून एकट्याने भटकणाऱ्या हत्तीला म्हणतात तो रोग. मला त्याला एकांडा शिलेदार म्हणावंसं वाटतं, आणि त्याला कारण आहे. बारगिराचा घोडा नि हत्यार सरकारचं, शिलेदाराचं स्वतःचं. रोग जन्माने बारगीर, आणि तोही असा की हत्यारच काय, अंगावरची कातडीसुद्धा सरकारची. तो शिलेदार कसा होतो हीच सगळी गोष्ट.

‘२००० एडी’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या २२८व्या अंकात, सप्टेंबर १९८१ मध्ये तो पहिल्यांदा आला. लेखक जेरी फिनले-डे, चित्रकार डेव्ह गिबन्स. फिनले-डे मुळात युद्धकथा लिहिणारा माणूस, आणि ते पानोपानी जाणवतं. अवकाशातलं युद्ध असूनही इथे खंदक आहेत, चिखल आहे, रसद आहे, वायुहल्ले आहेत. पहिल्या महायुद्धातला विषारी वायू आणि १९८१ च्या सुमाराची अणुयुद्धाची धास्ती, दोन्ही एकाच ग्रहावर आणून ठेवलं आहे. त्या ग्रहाचं नाव न्यू-अर्थ. जवळच एक कृष्णविवर आहे, त्यातून दूरच्या अवकाशात जायची वाट मिळते, म्हणून नॉर्ट आणि सदर्नर या दोन फौजा त्या ग्रहासाठी इतकी वर्षं लढल्या की तिथली हवाच विष झाली. ज्याच्यासाठी भांडण, तेच नासवून टाकलं. आता मुखवटा आणि बंद पोशाखाशिवाय तिथे माणूस जगत नाही.

यावर सदर्नरांनी काढलेला तोडगा म्हणजे जीआय, जेनेटिक इन्फन्ट्रीमन. अमेरिकी शिपायाला जीआय म्हणतात आणि त्याचा लोकांनी लावलेला अर्थ ‘सरकारी माल’ असा आहे. फिनले-डेने ते अक्षरशः खरं केलं. मिली-कॉम नावाच्या कक्षेतल्या तळावर ही पोरं प्रयोगशाळेत वाढवतात आणि लहानपणापासून लढाई शिकवतात. कातडी निळी, विषारी हवेत श्वास घेता येतो, अॅसिडच्या पाण्यात उतरता येतं. म्हणून रोग उघड्या छातीने फिरतो. त्या उघड्या छातीकडे नीट बघ. शेजारी नॉर्ट सैनिक नखशिखान्त पोशाखात, पाठीला नळ्या, तोंडावर मुखवटा, आणि समोर हा नुसत्या विजारीत आणि बुटांत. एका चौकटीत, एक शब्द न लिहिता, वाचकाला कळतं की इथे कोण पाहुणा आणि कोण घरचा. हाणामारीतही तोच नियम चालतो: नॉर्टाला मारायला गोळी लागतेच असं नाही, पोशाखाला चार बोटं चीर पडली किंवा नळी उपटली तरी पुरे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. क्लोन म्हटल्यावर चेहरे सारखे, बळ सारखं, मग एक मेला काय नि दुसरा मेला काय, वाचकाला हळहळ का वाटावी? बहुतेक क्लोनकथा इथेच आपटतात. लेखक एकाच्या गालावर व्रण काढतो, दुसऱ्याला चिरूट देतो आणि काम झालं असं समजतो. फिनले-डेने माणूसपण शरीरातून काढूनच घेतलं. प्रत्येक जीआयच्या मेंदूत एक बायोचिप असते आणि मरताना त्याची सगळी आठवण, सगळा स्वभाव त्या चिपमध्ये उतरतो. सोबत्याने ६० सेकंदांच्या आत ती काढायची आणि आपल्या सरंजामातल्या खाचेत बसवायची. खाच बंदुकीत आहे, शिरस्त्राणात आहे, पाठपिशवीत आहे. पुढे तळावर नेली की चिप नव्या शरीरात घालता येते. एकसष्टावं सेकंद उजाडलं की माणूस कायमचा गेला.

डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली १९९६ मध्ये. त्याच्या पंधरा वर्षं आधी या साप्ताहिकाने बरोबर ओळखलं होतं की क्लोन म्हणजे शरीराची नक्कल, मनाची नव्हे. जनुकं तीच असली तरी आठवणी ज्याच्या त्याच्या. म्हणून कथेत शरीर स्वस्त आणि ती नखाएवढी चिप महाग.

पहिल्याच मोहिमेत, क्वार्ट्झ झोनमध्ये, जीआय उतरतात तेव्हा नॉर्ट दबा धरून बसलेले असतात. सदर्नरांच्याच एका सेनापतीने फितुरी केलेली असते. सगळी पलटण कापली जाते, रोग तेवढा वाचतो आणि त्याच्या हाती तीन सोबत्यांच्या चिपा राहतात. गनर बंदुकीत जातो, हेल्म शिरस्त्राणात, बॅगमन पिशवीत. तिथून पुढे रोग तळाचा हुकूम मोडून त्या फितुराच्या मागे लागतो. आपल्या फौजेच्या लेखी तो पळपुटा, शत्रूच्या लेखी शिकार. बारगीर शिलेदार झाला तो इथे.

तिघांचं काम कसं वाटून दिलं आहे बघ. गनर तिवईवर ठेवला की स्वतः नेम धरून झाडतो, म्हणजे रोग दुसऱ्या अंगाने जाऊन शत्रूला कात्रीत धरू शकतो. तापट आहे, गोळी आधी, विचार नंतर. हेल्म चौकस आणि थंड डोक्याचा, आसपासची चाहूल घेतो, संदेश पकडतो. बॅगमनकडे सुरुंग, औषधं, सुटे भाग, आणि मागितलेली वस्तू काढून द्यायला पिशवीतून एक यांत्रिक हात बाहेर येतो. तो हात रोगच्या खांद्यावरून पुढे येतो ना, ती चौकट मला या मालिकेतली सर्वांत मायेची वाटते. मेलेला मित्र पाठीमागून वस्तू हातात देतोय, आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नाहीत.

चांदोबातला विक्रम आठव. पाठीवर वेताळ, वेताळ बोलतो, आणि विक्रमाने तोंड उघडलं की वेताळ निसटतो. इथे बरोबर उलटं आहे. रोगने बोलणं थांबवलं तर ही तिघं नुसतं लोखंड होऊन जातील. तो बोलतो म्हणून ते माणसं राहतात. तुझ्या अबोल नायकाला मी हरकत घेतली ती यासाठी.

आणि या रचनेत बिघाड किती सहज होतो! बंदूक हातातून निसटून दरीत गेली की दुसऱ्या कथेत नवी बंदूक येते. इथे तो मित्र दरीत गेला, त्याला आणायला उतरलंच पाहिजे, खाली नॉर्टांची चौकी असली तरी. चिपला इजा झाली तर माणूस भ्रमिष्ट होतो. बॅगमनच्या बाबतीत हे घडतं आणि मग सुरुंगांनी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन हिंडणं काय असतं ते कळतं. शिवाय जड झाली म्हणून पिशवी टाकून पळता येत नाही. लेखकाला दर आठवड्याला नवं संकट शोधावं लागत नव्हतं, सरंजामातूनच ते उगवत होतं.

चित्रांबद्दल थोडं. आतली पानं बहुतांश काळी-पांढरी, निळा रंग मुख्यतः मुखपृष्ठावर आणि रंगीत पानांवर. म्हणजे निळी कातडी शाईने सांगायची. गिबन्सची रेघ स्वच्छ आहे, सावली मोजकी. बाहुली नसलेल्या डोळ्यांमुळे चेहरा पुतळ्यासारखा दिसतो, म्हणून भाव तो खांद्यांत आणि मानेत आणतो. त्याने थोड्याच कथा काढल्या आणि तो बाजूला झाला. १९८६ मध्ये वॉचमेन ही गाजलेली चित्रकथा काढणारा तोच. मागून आलेल्या न्यूझीलंडच्या कॉलिन विल्सनने यंत्रांना आणि भूभागाला फ्रेंच चित्रकथांसारखं बारीक काम दिलं. पण तू शिकायला याच मालिकेचा आणखी एक चित्रकार, कॅम केनेडीच बघ. त्याचा न्यू-अर्थ खडबडीत, गंजलेला, बूट रुतणारा आहे आणि त्याचा रोग थकलेला दिसतो. तुझी पार्श्वभूमी फार धुतलेली आहे, सुहास. ज्या जमिनीवर इतकी वर्षं बॉम्ब पडले, तिथे एकही क्षितिजरेषा पट्टीने ओढल्यासारखी सरळ राहणार नाही.

याच साप्ताहिकातला दुसरा नायक जज ड्रेडही क्लोनच, पहिल्या मुख्य न्यायाधीश फार्गोचा. लोक त्यालाच जास्त ओळखतात, आणि ड्रेड थोर आहे यात वाद नाही. पण ड्रेड ज्या साच्यातून निघाला त्या साच्याचाच रखवालदार झाला. रोग साच्यातून बाहेर पडला. मला रोग जवळचा.

दोषही सांगतो, म्हणजे वाचताना हिरमुसणार नाहीस. गनर, हेल्म, बॅगमन ही नावं ते जिवंत असल्यापासूनची, आणि नेमके त्या त्या वस्तूंत जाऊन बसले, हे फारच सोयीचं आहे. कथा पाच-सहा पानांची, म्हणून काही भागांत संकट शेवटच्या अर्ध्या पानात घाईने मिटतं. फितूर सेनापती एकदा हाती लागला की मालिकेचा कणाच निघतो, त्यापुढे तिला नवं प्रयोजन सापडायला फार वेळ लागला. १९८९ मध्ये गिबन्सने स्वतः लिहून आणि विल सिम्पसनने रंगवून फ्रायडे नावाचा नवा जीआय आणला. चित्रं देखणी आहेत, पण ते वेगळं प्रकरण आहे, मूळ कथेत मिसळू नकोस.

‘टेल्स ऑफ न्यू-अर्थ’ या संग्रहाचा पहिला खंड घे आणि सुरुवातीपासून क्रमाने वाच, पण एका बैठकीत नको. साप्ताहिकासाठी लिहिलेलं आहे, दर भागात पूर्वकथा थोडी पुन्हा येते, सलग वाचलं की तेच तेच वाटतं. दिवसाला तीन-चार भाग पुरेत. ते संपल्यावर गॉर्डन रेनी आणि सायमन कोल्बी यांची २०१४ मध्ये सुरू झालेली येगिर ही मालिका वाच. तीच लढाई, पण नॉर्टांच्या बाजूने, नायिका युद्धगुन्ह्यांचा तपास करणारी नॉर्ट अधिकारी. जे पोशाखातले बिनचेहऱ्याचे लोक रोग सटासट मारत होता, त्यांना इथे घरदार मिळतं. हातात कंट्रोलर धरायचा असेल तर रिबेलियन या कंपनीचा २००६ चा व्हिडिओ गेम आहे. त्यात गनर मांडून ठेवणं, बॅगमनकडून भंगारातून दारूगोळा करवून घेणं, हेल्मकरवी शत्रूला चकवणं, हे सगळं स्वतः करावं लागतं, आणि तिघांची वाटणी किती पक्की आहे ते बोटांना कळतं.

आता तुझी पानं. नायकाला एक तरी सोबती दे, तोही वस्तूत, आणि ती वस्तू अशी निवड की लढताना ती खाली ठेवावी लागेल. सोबत्याच्या बोलण्याचा फुगा चौकोनी कर, शेपूट थेट वस्तूपर्यंत ने, आणि वस्तू चौकटीत दिसत नसेल तर तो संवादच लिहू नकोस, नाहीतर कोण बोललं ते कळत नाही. सोबत्याचा मृत्यू तू एका मोठ्या चौकटीत उरकला आहेस. त्याऐवजी पान सहा अरुंद चौकटींत तोड: पडलेलं शरीर, हात, सुरी, चिप, खाच, आणि सहावीत पहिला शब्द. घड्याळ काढू नकोस, चौकटी अरुंद होत गेल्या की वेळ आपोआप आवळतो. तो पहिला शब्दही रडका नको. मरून जागा झालेला शिपाई आधी विचारेल, ‘बाकीचे कुठे आहेत?’

दुसरं पान पुन्हा काढून पाठव. शाई लावू नकोस, पेन्सिलीतच बघतो.

तुझा,
अविनाश

ता. क. चिपेच्या खाचेची जागा एकदा ठरवलीस की बंदुकीचं चारही बाजूंनी एक चित्र काढून भिंतीला लाव. पान दोनवर ती डावीकडे आहे आणि तीनवर उजवीकडे.