दक्षिण आशियाई स्पर्धेला निश्चित वर्ष हवे

मा. संपादक,
स.न.

दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा १९८४ मध्ये काठमांडूत सुरू झाली आणि १९९५ पर्यंतच्या अकरा वर्षांत ती सात वेळा भरली. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत मात्र ती जेमतेम सहा वेळा होऊ शकली. त्यांतली शेवटची डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा नेपाळमध्येच झाली. चौदावी स्पर्धा पाकिस्तानने भरवायची होती, पण २०२१ हे ठरलेले वर्ष उलटून गेले आणि पुढे तारखांमागून तारखा बदलत राहिल्या. या दिरंगाईची झळ खेळाडूंना बसते आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

भारताला या स्पर्धेची गरजच काय, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. २०१९ मध्ये भारताने १७४ सुवर्णांसह ३१२ पदके मिळवली, आणि इतक्या एकतर्फी पदकतक्त्याचे आपल्याला अप्रूप राहिलेले नाही हे खरे आहे. परंतु या स्पर्धेचे मोल पदकतक्त्यावरून ठरवणेच मला चुकीचे वाटते. २०१६ मध्ये गुवाहाटीत बांगलादेशची वेटलिफ्टर माबिया अख्तर सिमांता सुवर्णपदक घेऊन विजयमंचावर उभी राहिली, राष्ट्रगीत सुरू झाले आणि राष्ट्रध्वजाला सलामी देत असतानाच तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले. ते दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना या स्पर्धेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तीन वर्षांनी काठमांडूत नेपाळच्या गौरिका सिंहने जलतरणात चार सुवर्णपदके जिंकली. या देशांतील खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये वा आशियाई स्पर्धेत पदकापर्यंत पोहोचणे फार कठीण जाते. आपल्या देशाचे राष्ट्रगीत परक्या भूमीवर किंवा घरच्या प्रेक्षकांसमोर ऐकण्याची संधी त्यांना मुख्यतः इथेच मिळते. आपल्या खो-खोलाही बहुराष्ट्रीय क्रीडा महोत्सवात पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले ते याच स्पर्धेत, २०१६ मध्ये, हे मराठी वाचकांनी तरी विसरू नये.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील तणाव ही मोठी अडचण आहे, हे कोणीही नाकारणार नाही, आणि खेळाडूंची सुरक्षितता सर्वांत आधी पाहिली पाहिजे याबद्दलही दुमत नाही. पण क्रिकेटपुढे हीच अडचण आली तेव्हा तोडगा निघालाच ना? २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाचे यजमानपद पाकिस्तानकडे असूनही भारताचे सामने दुबईत झाले आणि त्याच वर्षीच्या आशिया करंडकाचे यजमानपद भारताकडे असताना ती स्पर्धा संयुक्त अरब अमिरातीत खेळवली गेली. क्रिकेटमागे प्रक्षेपणाचा पैसा आहे म्हणून मार्ग काढला जातो आणि धावपटू, तिरंदाज, कुस्तीगीर, खो-खोपटू यांनी मात्र वाट पाहत बसायचे, हा सरळसरळ अन्याय आहे. धावपटूच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात. एक स्पर्धा लांबली की त्याची संपूर्ण कारकीर्द हुकू शकते.

आग्नेय आशियातील देशांची अशीच स्पर्धा १९५९ पासून सुरू आहे. त्या देशांमध्येही सीमातंटे आहेत, तरीही दर दोन वर्षांनी ती भरवण्याचा क्रम त्यांनी बहुतांशी टिकवला आहे. दक्षिण आशियाई ऑलिंपिक परिषदेनेही स्पर्धेचे वर्ष आधीच बांधून घ्यावे, यजमान ठरवतानाच पर्यायी यजमानाचेही नाव जाहीर करावे आणि ठरावीक मुदतीत तयारी दिसली नाही, तर स्पर्धा त्या पर्यायी देशाकडे आपोआप जावी. आवश्यकता भासल्यास काही खेळ एका देशात व काही दुसऱ्या देशात घेता येतील. २०१६ ची स्पर्धा गुवाहाटी आणि शिलाँग अशी, तर २०१९ ची काठमांडू, पोखरा आणि जनकपूर अशी विभागून झालीच होती, मग हीच विभागणी दोन देशांत करण्यास काय हरकत आहे? या विभागातील सर्वांत मोठा देश म्हणून भारतीय ऑलिंपिक संघटनेने असा प्रस्ताव परिषदेच्या येत्या बैठकीत स्वतःहून मांडावा आणि त्यावर अन्य सदस्य देशांनी काय भूमिका घेतली, हे खेळाडूंना जाहीरपणे कळवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक